कामाची पट्टी आणि मृगाचा दिवस

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी जलाशये शहापूर तालुक्यातील होत. त्यांपैकी तानसाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईस मिळत आहे. तथापि याच डोंगरउतारावरील अनेक पाड्यांत मार्च सरता सरता विहिरी तळ गाठतात आणि स्त्रियांच्या डोक्यावर हंडे चढतात. पाऊस उदंड असला तरी उतार तीव्र आणि खाली काळा पाषाण, त्यामुळे पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते.

अशा पाड्यासाठी पाण्याची योजना मंजूर होते, तेव्हा तिच्या खर्चाची चर्चा पुष्कळ होते. तिच्या वेळेची चर्चा त्या मानाने कमी होते. वस्तुतः या भागात वेळेची मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे. सुमारे ७ जूनला मृग लागतो. त्यानंतर चर पाण्याने भरतात, कच्च्या वाटांवरून मालमोटारी जात नाहीत आणि माणसे भाताच्या शेतात उतरतात. त्या दिवसापर्यंत न झालेले काम महिन्याने नव्हे, तर बहुधा आणखी एका उन्हाळ्याने लांबते. म्हणूनच कामाचे वेळापत्रक कसे मांडावे आणि ते बदलावे लागल्यास कसे बदलावे, हा विषय केवळ अभियंत्यांचा नसून ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्याही अभ्यासाचा आहे.

पट्ट्यांच्या तक्त्याचा उगम

कामाची वेळ आडव्या पट्टीने दाखविण्याच्या पद्धतीस गँट तक्ता असे म्हणतात. हेन्री गँट (१८६१–१९१९) या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून हे नाव पडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील युद्धसामग्री व जहाजबांधणीच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी या तक्त्यांचा वापर झाला. त्याही आधी, १८९६ च्या सुमारास, कॅरोल अदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने अशाच स्वरूपाचा तक्ता तयार केला होता. पुढे १९५७–५८ मध्ये अमेरिकेतच, कोणत्या कामावाचून कोणते काम अडते याचा हिशेब मांडणाऱ्या पद्धती विकसित झाल्या. संगणक आल्यानंतर या दोहोंचा मेळ बसला. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही प्रणाली १९८४ साली प्रथम बाजारात आली. आज विनामूल्य मिळणाऱ्या गँटप्रोजेक्टसारख्या प्रणालीतही असा तक्ता करता येतो.

तक्त्याची रचना सोपी असते. डाव्या बाजूस एकाखाली एक कामांची नावे, वरच्या बाजूस दिनांक आणि मध्ये पट्ट्या. पट्टीचे डावे टोक म्हणजे कामाचा आरंभ, उजवे टोक म्हणजे समाप्ती आणि लांबी म्हणजे लागणारे दिवस. एका पट्टीच्या शेवटापासून दुसरीच्या आरंभाकडे जाणारा बाण सांगतो की, पहिले काम संपल्याशिवाय दुसरे सुरू होणार नाही. ज्या घटनेस कालावधी नसतो, उदाहरणार्थ ग्रामसभेचा ठराव, ती शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणेने दाखवितात.

एका पाड्याचा तक्ता

विषय स्पष्ट व्हावा म्हणून शहापूर तालुक्यातील एक कल्पित पाडा घेऊ. पुढील दिवस केवळ उदाहरणादाखल असून ते सुट्ट्यांसह मोजलेले आहेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विहीर, टाकी आणि जलवाहिनीचा ठराव होतो. ३ ते १७ ऑक्टोबर भूजलाची पाहणी व जागेची निश्चिती. या टप्प्यावर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा तांत्रिक सल्ला उपयोगी पडतो. १८ ऑक्टोबर ते १ डिसेंबर अंदाजपत्रक व मान्यता. २ ते ३१ डिसेंबर निविदा व कार्यादेश. १ जानेवारी ते १६ मार्च, म्हणजे ७५ दिवस, विहिरीचे काम. जलवाहिनीचे काम १ फेब्रुवारी ते १७ मार्च आणि टाकीचे १ फेब्रुवारी ते १ एप्रिल. विहीर झाल्यावर १७ मार्च ते १५ एप्रिल वीजजोड व पंप. शेवटी १६ ते ३० एप्रिल चाचणी व पाण्याची तपासणी.

जलवाहिनीचा काही भाग वनजमिनीतून जातो. वन हक्क अधिनियम, २००६ मधील कलम ३(२) अन्वये पिण्याच्या पाण्याच्या जलवाहिन्यांसह तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी, प्रत्येक बाबतीत एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नाहीत अशी वनजमीन देता येते. मात्र त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते. या परवानगीसाठी ३ ऑक्टोबर ते १६ डिसेंबर अशी ७५ दिवसांची पट्टी धरली आहे.

आता हा तक्ता वाचून पाहावा. वनविभागाची परवानगी १६ डिसेंबरऐवजी ३१ जानेवारीस मिळाली तरी जलवाहिनीचे काम ठरल्या दिवशी सुरू होऊ शकते. म्हणजे या पट्टीस ४६ दिवसांची सवड आहे. विहिरीच्या पट्टीस मात्र एका दिवसाचीही सवड नाही. खोदाईत कठीण पाषाण लागून ३० दिवस वाढले, तर विहीर १५ एप्रिलला, पंप १५ मेला आणि चाचणी ३० मेला संपेल. मूळ आखणीत मृगापूर्वी ३७ दिवस हाती होते. आता अवघे ७ उरतात. दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या आहेत, पण एकीचा विलंब योजना सोसते आणि दुसरीचा पाड्याला सोसावा लागतो. कोणत्या पट्टीवर लक्ष ठेवावे, हे केवळ तिच्या लांबीवरून कळत नाही. त्यासाठी बाण वाचावे लागतात.

पट्टी सरकविताना घ्यावयाची दक्षता

संगणकावर पट्टी माउसने धरून ओढता येते, आणि हेच सोपेपण अनेक चुकांचे मूळ ठरते. पट्टी मध्यभागी धरून आडवी ओढल्यास काम जसेच्या तसे पुढे किंवा मागे जाते. उजवी कड ओढल्यास कालावधी बदलतो. डाव्या कडेचा अर्थ मात्र सर्वत्र एक नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये त्या कडेने पूर्ण झालेल्या कामाची टक्केवारी बदलते. अन्य काही प्रणालींत आरंभाचा दिनांक बदलतो. याच प्रणालीत हात चुकून पट्टी खालच्या पट्टीवर ओढली गेली, तर दोन कामांत नको असलेला दुवा तयार होतो. यास्तव दिनांक आणि दिवस हे डावीकडील रकान्यात टंकलिखित करणे अधिक सुरक्षित होय.

दुसरा धोका लवकर लक्षात येत नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आपोआप आखणीची पद्धत चालू असताना पट्टी हाताने सरकविली, तर ‘या दिनांकापूर्वी सुरू करू नये’ असे बंधन त्या कामावर बसते. पुढे आधीचे काम लवकर आटोपले तरी ती पट्टी मागे येत नाही. वाचलेले दिवस अशा प्रकारे तक्त्यातच अडकून पडतात. बदल केल्यानंतर असे बंधन राहिले आहे काय, हे तपासून ते काढून टाकावे.

तिसरा धोका दिनदर्शिकेचा. बहुतेक प्रणाली शनिवार-रविवार सुट्टी धरतात. विहिरीचे ७५ दिवस तशाच दिनदर्शिकेत भरले, तर ते १५ आठवडे, म्हणजे जवळजवळ १०५ दिवस होतात आणि समाप्ती मार्चच्या मध्याऐवजी एप्रिलच्या मध्यावर जाते. काम कोणीही रेंगाळविलेले नसते. तक्ताच चुकलेला असतो. म्हणून प्रथम स्थानिक दिनदर्शिका भरावी. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. त्या दिवसांत आसपासच्या गावांतून मजूर मिळणे कठीण. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी व झोडणी असते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पाड्याची विहीर कोठे असावी हे ज्यांच्या डोक्यावर हंडा आहे त्यांनाच विचारावयाचे असेल, तर ती चर्चा दिवाळीपूर्वी व्हावयास हवी. जानेवारीत घेतलेल्या बैठकीत अनेक घरांना कुलपे असतात.

पट्टीजवळचा मजकूर

पट्टीवर किंवा तिच्या बाजूस जो मजकूर लिहिला जातो त्यास लेबल म्हणतात. पट्टीच्या डावीकडे, उजवीकडे, वर, खाली किंवा आत कोणता मजकूर दिसावा, हे प्रणालीत ठरविता येते. आखूड पट्टीच्या आत लांब नाव मावत नाही, म्हणून नाव डाव्या रकान्यातच ठेवावे आणि पट्टीच्या उजवीकडे समाप्तीचा दिनांक व जबाबदार व्यक्तीचे पदनाम द्यावे. दोन लेबले एकमेकांवर येत असतील तर ओळीची उंची वाढवावी किंवा वरील कालमापन दिवसांऐवजी आठवड्यांचे करावे. अक्षर लहान करणे हा शेवटचा उपाय समजावा, कारण तक्ता भिंतीवर लावावयाचा आहे. मजकूर युनिकोड मराठीत असावा. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास वाचता येत नाही.

लेबलाची भाषा हा याहून महत्त्वाचा भाग. ‘टप्पा २ प्रगतिपथावर’ या शब्दांतून ग्रामसभेस काहीच बोध होत नाही. ‘विहीर: नऊपैकी सहा मीटर खोदाई पूर्ण; कंत्राटदार; १६ मार्च’ असे लिहिल्यास कोणीही विहिरीवर जाऊन खात्री करू शकतो. पट्टीचा रंग हा देखाव्यासाठी नसावा. ज्या पट्ट्यांना सवड नाही त्यांना एक गडद रंग, इतरांना फिका रंग, एवढे पुरे. प्रत साध्या मुद्रकावर निघणार असल्यास रंगाऐवजी तिरप्या रेघा वापराव्यात, कारण काळ्या-पांढऱ्या प्रतीत तांबडा आणि हिरवा सारखेच दिसतात.

मूळ पट्टी पुसू नये

आखणी बदलणे हा दोष नव्हे. पाषाण लागतो, परवानगीस विलंब होतो, वीजजोड रखडतो. दोष तेव्हा घडतो, जेव्हा पट्टी पुढे सरकवून आधीचा दिनांक नाहीसा केला जातो. असा तक्ता प्रत्येक बैठकीत ‘काम वेळेवर’ असेच सांगतो आणि पाड्यावरची माणसे मात्र झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत असतात. यासाठी बहुतेक प्रणालींत मूळ आखणी जतन करण्याची सोय असते. कार्यादेशाच्या दिवशी ती जतन करावी. त्यानंतर मूळ पट्टी फिक्या रंगात खाली आणि प्रत्यक्ष पट्टी वर दिसू लागते. दोन टोकांमधील अंतर हाच विलंब, आणि त्याचे कारण लेबलात एका ओळीत लिहावे: ‘पाषाण लागला, ३० दिवस वाढले’. कारण लिहिलेले असले म्हणजे पुढच्या पाड्याचा तक्ता अधिक खरा होतो.

बाणांचा क्रम चुकल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या पाणीपुरवठ्यासाठी काळू नदीवर धरणाचे काम सुरू झाले. परंतु वनविषयक मंजुरीच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली त्यास स्थगिती दिली. प्रकल्प लहान असो वा मोठा, परवानगीची पट्टी बांधकामाच्या पट्टीच्या आधी असते आणि त्या दोहोंमधील बाण पुसून वेळ वाचत नाही.

वापर कसा करावा

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. चौकटींच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक आठवडा मानून, राब भाजण्यापासून आवणी, कापणी आणि झोडणीपर्यंतच्या भातशेतीचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. कोणते काम कशावाचून अडते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. ज्या ग्रामपंचायतीत संगणक चालविणारे कोणी नसेल, तेथेही असाच कागद भिंतीवर लावता येईल.

कल्पित पाड्याच्या तक्त्यात दोन पट्ट्यांची भर मात्र अवश्य घालावी. चाचणी एप्रिलअखेर संपते, पण विहिरीची खरी परीक्षा मेमध्ये असते; म्हणून ‘मेअखेर पाण्याच्या पातळीची नोंद’ ही एक. मार्चमध्ये भरलेली दिसणारी विहीर मेमध्ये कोरडी पडली, तर वेळेवर पूर्ण झालेल्या योजनेचा पाड्यास उपयोग काय? दुसरी पट्टी मागील उन्हाळ्याची: टँकर कोणत्या दिवशी सुरू झाला आणि कोणत्या दिवशी थांबला. ती तक्त्याच्या तळाशी आखावी. मग विहिरीची पट्टी पुढे सरकविणाऱ्यास, आपण ती कोणत्या दिवसांवर सरकवीत आहोत, हे त्याच कागदावर दिसेल.