वरणाच्या पाण्याने बाळाचे रक्त वाढत नाही

दवाखान्यात बाळाच्या बोटाला टोचतात, थेंबभर रक्त घेतात आणि कागदावर आकडा लिहून देतात. समजा, ८.४. आई विचारते, "म्हणजे काय सिस्टर?" उत्तर येते, "रक्त कमी आहे. पालेभाज्या खाऊ घाला." लगेच पुढचा नंबर पुकारला जातो. खोटे कशाला बोलायचे, नोकरीत असताना आम्हीही कित्येक वर्षे एवढेच सांगत होतो. दहा महिन्यांच्या, चार दात आलेल्या लेकराला मेथीची भाजी कशी खाऊ घालायची, हे आम्ही कधी सांगितले नाही आणि बायांनीही विचारले नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय आहे असे आपल्याकडे धरतात. १० ते १०.९ म्हणजे सौम्य, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम. ७ च्या खाली गेले तर तीव्र; तेव्हा घरच्या उपायांत एक दिवसही घालवू नये, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील या वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे तीन मुलांमागे दोन. म्हणून "आमच्या पोराला कशाला असेल" असे कुणी समजू नये. तळहात फिके, खालची पापणी ओढली तर आतून पांढरट, मूल किरकिरे, खेळता खेळता बसून जाते, माती किंवा भिंतीचे पोपडे खाते, ही लक्षणे आहेत. पण पुष्कळदा काहीच दिसत नाही. मेंदू सर्वात झपाट्याने वाढतो तो पहिल्या दोन वर्षांत, आणि त्याच वेळी लोह कमी पडले तर पुढे लक्ष लागणे, शिकणे यावर परिणाम होतो. लेकराच्या शिकवणीसाठी आपण पोटाला चिमटा काढतो. शिक्षणाची तयारी मात्र या वाटीपासून सुरू होते.

नागपुरातल्या एका वस्तीत दहा महिन्यांच्या एका मुलाचे हिमोग्लोबिन ७.९ निघाले. आई चार घरची धुणीभांडी करते. सकाळी आठला जाते, दुपारी तीनला येते. आम्ही तिला एकच प्रश्न विचारला, "काल सकाळपासून बाळाने काय काय खाल्ले?" ती गप्प झाली, कारण तिला माहीतच नव्हते. उत्तर आजीकडे होते. सकाळी चहात बिस्कीट. मग बाटलीतून पाणी घातलेले म्हशीचे दूध. दुपारी वरच्यावरचे वरणाचे पाणी आणि भात. रडला तेव्हा पाच रुपयांचे पोंगे. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट. रविवारी घरात कोंबडी झाली होती, त्यातला रस्सा पोळीत कुस्करून दिला. अंगावरचे दूध फक्त रात्री.

त्याच घरात त्या आठवड्यात तुरीची डाळ होती, अंडी होती, कोंबडी होती, शेंगदाणे होते. अंगणवाडीचा आहारही आलेला होता, पण तो सगळ्यांनी मिळून खाल्ला. लोह घरात होते, बाळाच्या वाटीपर्यंत पोचत नव्हते. पालेभाज्यांचा उपदेश इथे काय कामाचा?

सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पोटात असताना आईकडून मिळालेल्या लोहाच्या साठ्यावर बाळाचे तोवर भागते. आईच अशक्त असेल तर तो साठा लवकर संपतो. सहा महिन्यांनंतर वरचे खाणे सुरू झालेच पाहिजे, आणि ते घट्ट हवे. बाळाचे पोट मुठीएवढे असते. ते पाण्याने भरले की डाळीला जागा उरत नाही. वरणाच्या पाण्यात चव असते, हळद असते, लोह जवळजवळ नसते. ते डाळीत असते आणि डाळ तळाशी बसते. म्हणून पळी तळापर्यंत घालायची. चमचा तिरपा केला तर पदार्थ ओघळू नये इतका घट्ट वरणभात कुस्करायचा, त्यात अर्धा चमचा तेल आणि वरून लिंबाचे चार थेंब. लिंबू, आवळा, पेरू यांमुळे डाळी-भाजीतले लोह अंगी लागते. सहा-आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

पालेभाजी वाईट नाही. चवळाई, शेवग्याची कोवळी पाने, पावसाळ्यात तरोटा, बारीक चिरून डाळीतच शिजवा. पण भाजीतले लोह शरीर फार थोडे घेते, मांस-मासळीतले कितीतरी जास्त. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते हा निव्वळ गैरसमज आहे. त्यात लोह अगदी कमी. बीट-डाळिंबावर शंभर रुपये घालवण्यापेक्षा कोंबडीच्या दुकानातून पावभर कलेजी आणावी. इथे आमच्या आयाबहिणी जरा कचरतात. "आता आपण असं कुठं खातो, सिस्टर? लोक काय म्हणतील?" आपल्या आज्यांना कलेजी, सुकट, झिंग्यांची लाज वाटत नव्हती. आपण चार पैसे कमावू लागलो आणि शेजाऱ्यांच्या नाकाकडे बघून ताटातले हे पदार्थ बाजूला सारले. कलेजी नीट शिजवून, कुस्करून, आठवड्यातून एकदा दोन लहान चमचे बाळाला पुरेत. सुकट धुऊन, वाळवून, भाजून पूड करावी आणि चिमूटभर भातात घालावी. ती खारट असते म्हणून वेगळे मीठ नको. अंडे पूर्ण उकडलेले. जी घरे मांसाहार करत नाहीत त्यांनी घट्ट डाळ, मोड आलेली मटकी, भाजलेल्या फुटाण्यांचे पीठ, शेंगदाण्याचा कूट यांवर भर द्यावा आणि लिंबू कधी विसरू नये. अख्खे दाणे-फुटाणे लहान मुलाला देऊ नयेत, घशात अडकतात.

चहाचे मात्र काही केल्या जमवून घेता येत नाही. चहा लोह अडवतो. बाळाला चहा नकोच, आणि आईनेही जेवणाला लागून घेऊ नये, तासभर जाऊ द्यावा. त्या आजीला हे सांगितले तर म्हणाल्या, "अवं बाई, थोडासाच तं देतो. नाही देला तं रडते ना थो." त्या खोटे बोलत नव्हत्या. दिवसभर लेकरू सांभाळणाऱ्या साठीच्या बाईला रडणे थांबवायला काहीतरी हाताशी लागतेच. आम्ही चहा बंद करा म्हटले नाही. फुटाण्याचे पीठ आणि दाण्याचा कूट एका डब्यात भरून ठेवला, बिस्कीट मागितले की ते पीठ केळ्यात कालवून द्या म्हटले. पहिल्या आठवड्यात एवढेच. दुसऱ्या आठवड्यात बाटली. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध हे मुख्य अन्न होऊ नये. त्यात लोह कमी, ते पोट भरून टाकते, आणि पाणी घातलेली बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. महिला मंडळाच्या ज्या ताई घरोघरी जातात त्यांना आमचे सांगणे आहे की एका भेटीत एकच बदल सांगा, आणि जो घास भरवतो त्याला सांगा. आईला दटावून उपयोग नाही. ती आधीच स्वतःला दोष देत असते.

एकदा रक्त कमी झाले की नुसत्या खाण्याने भरून निघत नाही, औषध लागते. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या मुलांना लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा, एकेक मिली, मोफत मिळते. आशाताईकडे मागा. हा डोस प्रतिबंधाचा आहे. रक्तक्षय निघालेल्या मुलाला रोजचा डोस लागतो, तो वजनावर डॉक्टर ठरवतात. जेवणानंतर अर्ध्या तासाने द्यावे, दुधाबरोबर नाही. शी काळी होते, घाबरू नये. आम्ही पाहिलेल्या निम्म्या बाटल्या या काळ्या शीमुळेच फडताळावर पडून राहिल्या. ताप किंवा जुलाब असताना थांबावे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये, जास्त लोह पोटात गेले तर जिवावर बेतते. वर्षानंतर जंताची गोळीही चुकवू नये.

विदर्भातल्या आपल्या घरांना आणखी एक सांगणे आहे. आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे लपवून चालणार नाही. महिनाभर औषध नीट देऊनही आकडा हलला नाही, डोळे पिवळे दिसले, हातापायाची बोटे सुजली, मूल अंग दुखून रडू लागले, किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ती तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला आपल्या मनाने लोहाचे औषध देऊ नये.

त्या मुलाचा आकडा दोन महिन्यांनी १०.१ झाला. त्या दिवशी आम्ही त्याच्या आईचेही बोट टोचले. तिचे ८.८ निघाले. तिला तपासावे हे तोवर कुणाच्या, आमच्याही, डोक्यात आले नव्हते. आता आजी तिच्या ताटात आधी वाढतात आणि लोहाची गोळी रात्री त्याच हातात ठेवतात.