उधाण, ऊन आणि गावातील दिव्यांग

हवामान पालटत चालले आहे, ही गोष्ट किनाऱ्यावरील शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. मीठ तयार होण्याच्या ऐन दिवसांत येणारी अवकाळी सर, उधाणाच्या वेळीच कोसळणारा पाऊस आणि फाल्गुनातच भाजून काढणारे ऊन यांचा अनुभव प्रत्येक घरास आहे. यास्तव ठिकठिकाणी हवामान बदलास तोंड देण्याचे आराखडे तयार होत आहेत. परंतु ज्यांना या संकटाची झळ सर्वांआधी लागते, त्या माणसांस आराखडा करताना क्वचितच विचारले जाते. ज्यास चालता येत नाही, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही अशा माणसाची, तसेच पाड्यावरील व मिठागरावरील मजुराची नोंद बहुधा ‘मदतीस पात्र’ या एका रकान्यात होते आणि तेथेच संपते.

मीरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. खाडीकाठची मिठागरे, समुद्रकाठची उत्तन, पाली, चौक ही मच्छीमारांची गावे आणि काशिमिरा-घोडबंदरच्या बाजूस डोंगरपायथ्याचे आदिवासी पाडे, हे सारे एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. 1985 साली येथे नगरपरिषद आली व 2002 साली महानगरपालिका झाली. परिणामी राहणी गावची, पण ग्रामसभा नाही, अशी या वस्त्यांची स्थिती आहे. खेड्यात निदान ग्रामसभेत उठून बोलता येते. येथे मासळी सुकविणाऱ्या बाईने आपले म्हणणे कोणत्या सभेत मांडावे, हा प्रश्नच आहे. उत्तनला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असताना एक सर आली की त्या घराची कमाई गेली. हे नुकसान पिकाच्या पंचनाम्यात बसत नाही आणि बोटीच्या पंचनाम्यातही बसत नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगतून उत्तरेस गेले. अशा वेळी धडधाकट माणूस माळ्यावर चढतो किंवा उंचवट्याची वाट धरतो. तिचाकी सायकलवरील माणसास गुडघाभर पाण्यातही ते शक्य नसते.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 8 अन्वये नैसर्गिक आपत्तीत दिव्यांगांस इतरांबरोबरीचे संरक्षण मिळावयास हवे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज करावी, असेही त्यात म्हटले आहे. 2015 सालच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत हवामानविषयक कार्यवाही करताना आदिवासी, दिव्यांग व स्थलांतरित यांच्या हक्कांचा मान राखावा असा उल्लेख आहे. परंतु जिल्ह्याची नोंदवही वस्तीवरील माहितीवाचून भरत नाही. ती माहिती आपणच द्यावयाची आहे.

नोंद कशी घ्यावी? प्रमाणपत्र मागून सुरुवात करू नये. 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र सवलतींसाठी लागते, पुरासाठी नव्हे. घरोघर जाऊन इतकेच विचारावे की, रात्री पाणी शिरले तर या घरातील कोणास स्वतः बाहेर पडता येणार नाही, हाक मारली तर कोणास ऐकू येणार नाही आणि रोजचे औषध कोणास लागते. वृद्ध, गरोदर स्त्रिया व झोपडीत राहणारे हंगामी मजूर आपोआप या नोंदीत येतात. मिठागरावरील कुटुंबे पावसाळ्यापूर्वी गावी परततात. म्हणून त्यांची नोंद हिवाळ्यात, काम सुरू होताच घ्यावी. ज्याची नोंद घ्यावयाची त्याच्याशीच बोलावे, घरच्या कर्त्याशी नव्हे. ही चूक फार सर्रास होते.

सूचना एकाच मार्गाने देऊन भागत नाही. भोंगा कर्णबधिरास ऐकू येत नाही आणि भ्रमणध्वनीवरील लेखी संदेश अंधास किंवा निरक्षरास उपयोगी पडत नाही. यास्तव भोंगा, रंगीत निशाण आणि घरी जाऊन सांगणारा ठराविक शेजारी असे तिन्ही ठेवावे. शेजारी कोण असावा हे त्या व्यक्तीनेच ठरवावे. निवारा म्हणून शाळा निवडली असेल, तर पायऱ्यांशेजारी उतार आहे काय आणि शौचालयाच्या दारातून चाकाची खुर्ची जाते काय, हे चाकाच्या खुर्चीवरील माणसास घेऊनच पाहावे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांच्या कल्याणार्थ खर्च करावयाचे आहेत. त्यातून असा उतार बांधण्याची मागणी करणे अगदी वाजवी आहे.

उन्हाळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे व ती पुष्कळांस ठाऊक नसते. मानेच्या किंवा पाठीच्या कण्यास वरच्या भागात इजा झालेल्या माणसास इजेखालच्या अंगास घाम नीट येत नाही, म्हणून त्याचे शरीर लवकर तापते. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही उष्णतेचा त्रास वाढतो. कुष्ठरोगाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यास तापलेल्या जमिनीचा चटका समजत नाही आणि पुराच्या पाण्यात झालेली जखमही समजत नाही. त्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा शिरकाव होऊ शकतो. अशा घरी ओले कापड, पिण्याचे पाणी व सावली यांची सोय आधी करावी. पुरानंतर पाय रोज तपासावे.

आता कामाविषयी. दिव्यांगास केवळ वाचवावयाचे, ही कल्पना आमच्या मते अपुरी आहे. बाबा आमटे यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा खडकाळ जमिनीत विहीर खणून शेती करणारे हात कुष्ठरुग्णांचे होते. मीरा-भाईंदरमध्ये भातशेती आता थोडीच उरली असली, तरी खाडीपलीकडे वसईकडे आणि खाली रायगडात खारजमीन बरीच आहे. तेथे बांधास खांड पडली की खारे पाणी शिरते. ती बुजविण्याचे काम सर्वांस जमणारे नाही. परंतु उघाडीवर लक्ष ठेवणे, पर्जन्यमापकाची रोज सकाळी नोंद करणे, क्षार सहन करणाऱ्या वाणाचे बियाणे निवडून ठेवणे ही कामे जमतात. बियाण्याची मीठ-पाण्याची प्रक्रिया तर बसल्या जागी होते. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात भात ओतून ढवळावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावे, तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत 24 तास वाळवावे. अशा कामाची मजुरी पुरी द्यावी.

सभेची वेळ ठरविताना सकाळी 11 वाजता कचेरीत बोलावू नये. त्या वेळी कोळीण बाजारात असते आणि पाड्यावरील माणूस कामावर. संध्याकाळी पाड्यावर किंवा बंदरावर, दिवा व बसण्याची जागा असेल तेथे सभा भरवावी आणि जे ठरेल ते वाचून दाखवावे. पहिली सभा पावसाळ्यापूर्वी, वैशाखाच्या आत व्हावी. नोंदवहीची एक प्रत वस्तीत विश्वासू व्यक्तीपाशी ठेवून दुसरी तहसील कचेरीकडे पाठवावी व पोच घ्यावी.