संकेतस्थळाचा मजकूर : आधी वही, मग संगणक



गट ऑफिसच्या भिंतीवरचा नोटीस फळा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ऊस नोंदीची मुदत, तोडणीचा प्रोग्रॅम, सभेची नोटीस असे कागद एकावर एक चिकटत जातात. पण त्या फळ्याचा एक गुण आहे. जुना कागद पिवळा पडतो, कोपरे फाटतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं की हा गेल्या सालचा. संकेतस्थळावर, म्हणजे मोबाईलवर उघडणाऱ्या वेबसाईटवर, कागद पिवळा पडत नाही. तीन वर्षांपूर्वीचा आकडा आजच्याइतकाच ताजा दिसतो.

उदाहरण घेऊ. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये एफ. आर. पी. ठरविली होती, २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. म्हणजे टनाला १५० रुपयांचा फरक. जुना आकडा हंगाम न लिहिता पानावर तसाच राहिला, तर शंभर टनवाल्या सभासदाचा हिशेब पंधरा हजारांनी चुकतो आणि तो सोसायटीत तसाच बोलून येतो. (हाती पडणारी रक्कम प्रत्यक्ष उतारा व तोडणी-वाहतूक खर्च धरून ठरते, ती गोष्ट निराळी.) आकडा खोटा नव्हता, त्याचं साल उलटलं होतं.

आमच्यापैकी एक जण एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची मुदत पाहून शहाद्याहून नंदुरबारला गेले. मुदत मागच्या वर्षीची निघाली. विचारलं तर उत्तर मिळालं, "ते पान आमच्या टेबलाचं नाही." मग कोणाच्या टेबलाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं संकेतस्थळ उघडून पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. संकेतस्थळाचा सांगाडा एन. आय. सी. या केंद्र सरकारच्या संस्थेचा, इतर जिल्ह्यांनाही दिलेला. आतला मजकूर मात्र जिल्हा प्रशासनाचा. ही वाटणी पानाच्या तळाशी छापलेली असते, आणि शेवटच्या बदलाची तारीखही. सांगाडा तयार मिळतो, मजकूर ज्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. मजकूर कोण देणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार, फेरतपासणी केव्हा, जुनं कुठं ठेवायचं, हे आधी ठरवा असं त्या सांगतात. सूचना सरकारी खात्यांसाठी आहेत, पण आपण उचलायला हरकत नाही.

म्हणून कारखान्याने सुरुवात संगणकापासून करू नये. एक वही घ्यावी. प्रत्येक पानाला एक ओळ : पानाचं नाव, कोणत्या खात्याचं, मजकूर देणारा, मंजुरी देणारा, आणि तो मजकूर कधी शिळा होणार ती तारीख. ही शेवटची तारीख लोक हमखास विसरतात. ऊस नोंदीचं पान शेतकी खात्याचं, पेमेंटचं हिशेब खात्याचं. दराचा आकडा फक्त हिशेब खात्याच्या पानावर लिहावा. शेतकी खात्याने तो पुन्हा न लिहिता तिकडे बोट दाखवावं. दोन ठिकाणी लिहिलेला आकडा एका ठिकाणी बदलतो आणि दुसरीकडे राहतो, हा अनुभव वजनकाट्यावरच्या नोंदवह्यांपासूनचा आहे.

जुनं सगळं पुसून टाकायचं असंही नाही. वार्षिक अहवाल साल घालून जपावेत. मुदत संपलेली टेंडरं त्याच दिवशी चालू पानावरून हलवावीत. आणि नोटिशीचा फोटो काढून चिकटवू नये. फोटोतला मजकूर शोधून सापडत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना मोबाईल तो वाचून दाखवील याचा भरवसा नसतो.

पहिल्या हंगामात तीनच पानं धरावीत : ऊस नोंद, पेमेंट आणि गट ऑफिसांचे फोन नंबर. उद्घाटनाचे फोटो नंतर टाकता येतील. सभासदांनीही चूक दिसली तर पानाच्या तळाचं खातं आणि तारीख टिपून गट ऑफिसला कळवावी. तळाला खातं नि तारीख लिहिलेलीच नसेल, तर आधी तेच कळवावं.