ओले बर्फ, कोरडे बर्फ

अब्बांची बदली श्रीनगरला झाली, तेव्हा मी आठवीत होतो. आमचे गाव मालेगाव. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचे, गोणपाटात गुंडाळलेले, एवढेच आम्हांला ठाऊक. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी असते. या दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. पुढचे वीस दिवस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटचे दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. आपल्याकडे गावांच्या नावांत 'खुर्द' आणि 'बुद्रुक' असतात ना, त्यातलाच हा खुर्द!

एके दिवशी सकाळी उठून पाहतो तो काय, अंगणच नाहीसे झालेले! दारापासून फाटकापर्यंत गुडघाभर बर्फ. रात्री कसलाही आवाज आला नव्हता. पाऊस पडला की पत्रे वाजतात. बर्फ मात्र गुपचूप पडते. (उर्दूत बर्फ 'गिरती है'. मराठीत ती बर्फ 'ते बर्फ' होते. मी ही चूक पुष्कळ दिवस करत होतो.)

अब्बांना कामावर जायची घाई होती. चहासुद्धा न घेता ते अंगणात उतरले. बेलचा काठोकाठ भरायचा, उचलायचा आणि खांद्यावरून मागे फेकायचा, असा त्यांनी सपाटा लावला. मी दारातून पाहत होतो. मला मोठी गंमत वाटत होती. पंधरा मिनिटांनी अब्बा एकदम पायरीवर बसले. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एक हात छातीवर होता.

शेजारच्या घरातून आमचे घरमालक चाचा धावत आले. "साहेब, आता हलू नका," असे म्हणून त्यांनी अब्बांना आधार देऊन आत बसवले आणि लगेच गाडी बोलावली. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. सुदैवाने झटका आला नव्हता. पण रक्तदाब फार वाढला होता.

डॉक्टरांनी सांगितले, "थंडीमुळे रक्तवाहिन्या आकसतात. अशा वेळी हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. त्यात जड ओझे उचलताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो. मग हृदयावर दुप्पट भार पडतो. तुम्हांला रक्तदाब आहे. यापुढे बेलचा हातात धरू नका. छातीत दुखणे, दम लागणे, हात किंवा जबडा दुखणे, असे कोणालाही झाले तर काम तेथेच थांबवावे आणि दवाखाना गाठावा."

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला हाक मारली. ते पूर्वी गणित शिकवत असत. त्यांनी प्रथम हिशोबच घातला. "बेटा, वाट दहा मीटर लांब, एक मीटर रुंद. बर्फ चाळीस सेंटिमीटर. किती घनमीटर झाले?" मी म्हणालो, "चार." "ताजे कोरडे बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरते. ओले बर्फ तीनशे किलो किंवा त्याहूनही जास्त. काल पडले ते ओले होते. म्हणजे तुझे अब्बा बाराशे किलो उचलायला निघाले होते. सिमेंटची चोवीस पोती!"

ओले बर्फ ओळखणे सोपे आहे. मुठीत दाबले की त्याचा घट्ट गोळा होतो, कोरडे भुरभुरते. २०१९ साली काश्मीरमध्ये नोव्हेंबरमध्येच असे ओले बर्फ पडले. झाडांवर अजून पाने होती. त्या भाराने सफरचंदाच्या फांद्याच्या फांद्या मोडल्या. ते सांगताना चाचांचा आवाज जड झाला. त्यांच्या भावाची बाग त्यात गेली होती.

मग त्यांनी बेलचा माझ्या हाती दिला. आपले फावडे माती ओढायला चांगले, पण येथे रुंद पात्याचा, लांब दांड्याचा बेलचा हवा. पात्याला मेणबत्ती घासली की बर्फ चिकटत नाही. बर्फ शक्यतो उचलायचे नाही, ढकलायचे. उचलावेच लागले तर अर्धाच बेलचा भरायचा. कमरेत वाकायचे नाही, गुडघे वाकवायचे. ओझे अंगाजवळ ठेवायचे. बर्फ टाकताना कंबर पिळायची नाही, पावले वळवायची. "आणि बर्फ थांबण्याची वाट पाहत बसू नकोस," चाचा म्हणाले. "वीतभर पडले की काढ. दोनदा काढलेले थोडे बर्फ एकदा काढलेल्या पुष्कळ बर्फापेक्षा हलके असते."

मी उत्साहाने पायरीवर गरम पाणी ओतायला निघालो, तेव्हा मात्र ते ओरडलेच. ते पाणी थोड्याच वेळात गोठते आणि पायरी काचेसारखी गुळगुळीत होते. त्यांनी शेगडीतली विझलेली राख पसरली. छपराच्या कडेखाली उभे राहण्याचीही मनाई होती. उतरत्या पत्र्यावरचे बर्फ एकदम घसरून खाली येते.

आठवड्याने पुन्हा बर्फ पडले. मी कोट, हातमोजे घालून उतरलो. अब्बा खिडकीशी घड्याळ घेऊन बसले. दर दहा मिनिटांनी ते काचेवर टकटक करत आणि मी बेलचा टेकवून उभा राहत असे. त्या दिवशी वाट मोकळी व्हायला दीड तास लागला. अब्बांना कामावर जायला उशीर झाला.

स्वाध्याय
१. अब्बांचे काय चुकले?
२. ओले बर्फ कसे ओळखावे?
३. वाट १५ मीटर लांब असती, तर ओल्या बर्फाचे वजन किती झाले असते?
४. 'सपाटा लावणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.