नौदलातलं कोठार

प्रश्न : मुलगी बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे. नौदलात लॉजिस्टिक्स म्हणजे गोदामातली कारकुनीच ना?

उत्तर : जहाज भर समुद्रात असताना पंपाचं एक सील संपलं, तर वाण्याकडे धावता येत नाही. सुटे भाग, कांदे-बटाटे, गणवेश, हिशेब सगळं लॉजिस्टिक्स अधिकाऱ्याच्या गळ्यात. जेवण बिघडलं की बोलणीही त्यालाच! महिलांना ही शाखा 1992 पासून खुली आहे. मात्र नुसती बी.कॉम. पुरत नाही, जोडीला फायनान्स, लॉजिस्टिक्स किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. वयोमर्यादा जाहिरातीत आधी बघा. निवड झाल्यास केरळात एझिमलाला प्रशिक्षण, मग शाखेचे धडे आपल्या मालाडच्या आयएनएस हमलात.