बारदान जपून ठेवा

जानेवारी २०२५. अंघोळीनंतर डोकं पुसलं, तर केसांचा पुंजका टॉवेललाच चिकटून आला. दुखणं नाही, रक्त नाही. ओढलं की हातात. तिसऱ्या दिवशी टाळूवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इकडे हेच चाललं होतं.

आमचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. इथं कोणाचं काही बिघडलं की दोष पाण्याला, आणि बरेचदा तो खराच असतो. म्हणून मीही आधी बोअरचं पाणी तपासायला दिलं, शाम्पू बदलला, पिण्याच्या पाण्याचा जार लावला. पोळी मात्र त्याच रेशनच्या गव्हाची खात राहिलो.

पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यांच्या अहवालात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, इथल्या गव्हाच्या ६०० पट. एवढं सेलेनियम पोटात गेल्यानंच केस गळाले, असं त्यांचं म्हणणं. गहू पंजाबकडचा. शिवालिकच्या टेकड्यांतून वाहून आलेल्या मातीमुळं होशियारपूर-नवांशहर भागात सेलेनियम जास्त, हे जाणकारांना जुनंच ठाऊक. पीक मातीतलं उचलतं आणि जाईल तिथं गावचा पत्ता सोबत नेतं. वाइनची पारखही अशीच होते. नाशिकसारख्या काळ्या बेसाल्टवर वाढलेल्या द्राक्षात स्ट्रॉन्शियमच्या दोन रूपांचं गुणोत्तर एक, जुन्या ग्रॅनाइटवरच्या द्राक्षात दुसरं. त्यावरून बाटलीवरच्या नावाची शहानिशा करता येते. पण दोन मुलखांची वाइन एका पिंपात ओतली, की खूण पुसट.

मी घरात नेमकं तेच केलं होतं. रेशनचा गहू घरच्या गव्हावर कोठीत ओतला. दुकानातून मागून आणलेलं बारदान उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून टाकलं. गावात तपासणीचं पथक आलं तेव्हा माझ्याकडं देण्याजोगा नमुनाच नव्हता, आणि बारदानावरचा शिक्का आमच्याच पायांनी पुसला होता.

तेव्हा, रेशनचा गहू वेगळ्या डब्यात ठेवा, घरचा वेगळा. दर महिन्याच्या मालातला अर्धा किलो काचेच्या बरणीत, आत महिन्याची चिठ्ठी. दुकानात पोत्यावरच्या शिक्क्याचा, शिलाईतल्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. धुऊन खाऊ म्हणाल, तर धुतलेल्या गव्हातही १३.६१ निघालं. आणि गळलेले केस चुलीत टाकू नका, कागदाच्या पुडीत ठेवा. त्याच अहवालात केस गळालेल्यांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट होतं, केसांत १५० पट. पाणी तपासायला देताना धान्यही सोबत द्या. मी फक्त बाटली घेऊन गेलो होतो.

केस हळूहळू परत आले, पूर्वीइतके दाट नाहीत. कोठीतला तो मिसळीचा गहू काय करावा हे मात्र कळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टाकून कायले देता, आमच्या कोंबड्याईले घालतो." मी नाही म्हटलं, तर दोन दिवस बोलल्या नाहीत.