घरी एक, दारी एक?



पालकसभेत बाई सांगतात, "तुमचा मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही." आई थक्क होते. घरी तर तो कोणाला बोलू देत नाही! मग खरा मुलगा कोणता? मोठ्यांचेही तेच. साहेबांपुढे मवाळ असणारा माणूस घरी आवाज चढवतो आणि आपण शेरा मारून मोकळे होतो, "दोन तोंडांचा आहे." स्थळ पाहताना चौकशी करतात तेव्हाही आपण सांगतो, "मुलगा शांत आहे, दर रविवारी मिस्साला दिसतो." खरे तर आपण त्याला आठवड्यातून एक तास, एकाच जागी, गप्प बसलेला पाहिलेला असतो.

माणूस ठिकाणाप्रमाणे किती बदलतो, हे मोजता येते का? अमेरिकेत 1920च्या दशकात ह्यू हार्टशोर्न व मार्क मे यांनी हा प्रयत्न केला. त्यांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला आणि तोही मुलांना कळू न देता. पेपर गोळा करून त्यांची गुपचूप नोंद ठेवायची, मग तेच पेपर उत्तरांसह मुलांच्या हाती देऊन "आपापले तपासा" म्हणायचे. कोणी उत्तर बदलले, ते आपोआप समजे. दुसरी एक परीक्षा होती डोळे मिटून लहान वर्तुळांत आकडे लिहिण्याची. डोकावल्याशिवाय त्यात भरपूर गुण मिळणे जवळजवळ अशक्यच! निष्कर्ष 1928 पासून प्रसिद्ध झाले आणि अनेकांना ते रुचले नाहीत. एका परीक्षेत फसवणारे मूल दुसऱ्या परीक्षेत फसवेलच असे नव्हते. एका ठिकाणच्या वागण्यावरून दुसऱ्या ठिकाणचा अंदाज फारच थोडा बांधता येत होता. मात्र अनेक परीक्षांचे गुण एकत्र केले की अंदाज बराच सुधारत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरा प्रयोग तर थेट आपल्या अंगणातला. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन यांनी 1973 मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या सेमिनरीतील 40 विद्यार्थ्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत छोटेसे भाषण द्यायला पाठवले. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थात मुद्दाम बसवलेला. ज्यांच्या हाती वेळ होता, त्यांच्यापैकी 63 टक्के त्याच्या मदतीला गेले. "उशीर झाला, लोक वाट पाहत आहेत" असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त 10 टक्के. शोमरोन्यावर बोलायला निघालेल्यांनी इतरांपेक्षा लक्षणीय जास्त मदत केली, असे दिसले नाही. घाईत मिस्साला निघालेल्या माझ्यासारख्याने हे दोनदा वाचावे.

मग स्वभाव म्हणून काही नसतोच की काय? असेही नाही. युइची शोडा, वॉल्टर मिशेल व जॅक राइट यांनी एका उन्हाळी शिबिरात, वागण्याच्या अडचणी असलेल्या मुलांची कित्येक आठवडे तपशीलवार नोंद ठेवली. हा अभ्यास 1994 मध्ये छापून आला. "हा किती भांडतो?" एवढेच न विचारता त्यांनी विचारले, "हा केव्हा भांडतो?" सवंगड्याने चिडवले तेव्हा? मोठ्यांनी ताकीद दिली तेव्हा? की शाबासकी दिली तेव्हासुद्धा? दोन मुलांच्या भांडणांची बेरीज सारखी निघाली, तरी एक मूल मोठ्यांच्या ताकिदीने उसळे, तर दुसरे सवंगड्यांच्या चिडवण्याने. आणि ही घडण त्या त्या मुलात पुन्हा पुन्हा तशीच दिसे. म्हणजे बदलण्यालाही एक ठरलेली रीत होती. दोघांनाही "भांडखोर" म्हणून एकच शिक्षा देणारे शिक्षक (आणि आपण पालकही) नेमके हेच पाहत नाहीत.

पुढे 2001 मध्ये विल्यम फ्लीसन यांनी रोजच्या जीवनातली मोजणी मांडली. विद्यार्थ्यांनी दोन-तीन आठवडे, दिवसातून पाच वेळा, "गेल्या तासाभरात मी किती बोलका होतो, किती नीटनेटका, किती प्रेमळ?" याला गुण द्यायचे. एकच माणूस दिवसभरात कमालीचा वरखाली होतो, असे आढळले. बुजरा माणूसही अधूनमधून चांगलाच बोलका होतो. परंतु त्याची एका आठवड्याची सरासरी पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. हार्टशोर्न व मे यांच्या एकत्र केलेल्या गुणांची आठवण झाली ना? एका प्रसंगावरून माणूस कळत नाही. पुष्कळ प्रसंग जमवले की कळू लागतो.

हे घरीही करून पाहता येईल. एक लहान वही घ्या. दोन आठवडे, दिवसातून पाच वेळा चारच गोष्टी लिहा: कोठे होतो, कोणासोबत होतो, घाई होती का, आणि किती शांतपणे बोललो याला 1 ते 7 पैकी गुण. रात्री आठवून लिहू नका, कारण तोवर मन आपल्या बाजूने हिशेब जुळवून ठेवते. दोन आठवड्यांनी सर्वांत कमी गुणांच्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्या वेळी समोर कोण होते, ते नाव वाचा. जमल्यास तीच वही तुमच्याविषयी घरातल्या दुसऱ्या कोणाला भरायला द्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बसायला मात्र थोडे धैर्य लागेल.